बांधावरचा रविवार

खोडदची ती वर्षं आठवायला बसलं की आधी धुकं येतं आणि मग तबकड्या. हिवाळ्यात सकाळी नदीकडून धुकं उठायचं आणि रानारानांतून पसरत आमच्या दारापर्यंत यायचं. ऊस, मका, विहिरी, बांधावरच्या बोरी, सगळं त्यात बुडून जायचं. वर फक्त लोखंडी जाळीच्या त्या प्रचंड तबकड्या हवेत तरंगत असायच्या. त्यांचे खांब दिसायचे नाहीत. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. माझी खात्री होती की अंधार पडला की त्या कुठंतरी फिरून येतात आणि आम्ही उठायच्या आत जागेवर येऊन उभ्या राहतात. हे मी वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "रोज मी त्यांचे नटबोल्ट आवळतो. कुठं जात नाहीत त्या." माझे वडील असेच होते. कोणी स्वप्न सांगितलं तरी आधी पान्हा हातात घ्यायचे.

त्या तबकड्या म्हणजे रेडिओ दुर्बीण, आणि वडील तिथं फिटर होते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. तबकड्या एकेक करून उभ्या राहत होत्या, आणि आकाशातून येणारे फार बारीक आवाज ऐकायला त्या बांधल्यात, एवढंच गावाला ठाऊक होतं. शेजारच्या मावशींनी एकदा वडिलांना विचारलं, "भाऊ, त्यात देव ऐकाया येतो का?" वडील म्हणाले, "नाही. नुसती खरखर येते." मावशींना ते उत्तर अजिबात आवडलं नाही. एवढं लोखंड लावून खरखर ऐकायची, हे त्यांच्या हिशेबात बसेना.

आम्ही मूळचे नगरकडचे, आणि पणजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती. गावाच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. आमच्या खोल्यांना लागून मावशींचं घर होतं, मधली भिंत एकच. मावशी वयानं आईपेक्षा पुष्कळ मोठ्या, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलायला लागल्या की चार घरांना ऐकू जायच्या. आई त्यांना आक्का म्हणायची. आई शेतकऱ्याची मुलगी. हाताला माती लागली नाही तर तिला जेवण जात नसे. मावशींनीच आपला शब्द टाकून ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्याकडून तिला जमिनीचा छोटा तुकडा अर्ध्या वाट्याने मिळवून दिला आणि लगोलग आपल्या सावडीतही घेतलं.

सावड म्हणजे आज सगळ्याजणींनी मिळून एकीच्या रानात राबायचं, उद्या दुसरीच्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही; जिचं रान तिनं दुपारचं जेवण घालायचं, बस्स. कांद्याच्या लागणीला तर सावडीशिवाय पान हलत नाही. रोपं उपटायची, वाफ्यात पाणी सोडायचं आणि त्या चिखलात ओळीनं बसून एकेक रोप बोटानं खोचत मागं सरकायचं. हे एकटीदुकटीचं काम नव्हे.

सावडीत घेताना मावशींनी आईला विचारलं होतं, "कुठल्या वारी यायचं न्हाई तुला?" आई म्हणाली, "रविवार सोडून कधीही सांगा, आक्का."

मावशींचा चेहरा एकदम उजळला. "आमचाबी त्योच," त्या म्हणाल्या.

त्या भागात शेतकऱ्याच्या प्रत्येक घराचा एक वार असतो. त्या वारी औत जुंपायचं नाही, रानात हत्यार घालायचं नाही. कोणाचा सोमवार, तो महादेवाचा. कोणाचा रविवार, तो खंडोबाचा. मावशींचं घर रविवार पाळणारं. नवी शेजारीणही रविवार पाळते म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही, मनाशी ठरवून टाकलं की ही आपल्याच देवाची. आमचं आडनाव तिकडं पाटलांचंही असतं. आई टिकली लावायची. आमच्या नगरकडच्या काही बायका लावतात, काही लावत नाहीत. कोनाड्यात तांबड्या फडक्यात गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, होतं, त्याला मावशी पोथी समजल्या. आणि दर रविवारी सकाळी आम्ही आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून जीपनं नारायणगावच्या दिशेला जायचो. मावशींच्या लेखी आम्ही तिथून पुढं जुन्नरवरून धामणखेलच्या खंडोबाला जात होतो. त्यांच्या या समजुतीत एक फट नव्हती.

आम्ही जायचो ते नारायणगावात एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी. त्यांच्या पुढच्या खोलीत आमची छोटीशी मंडळी भक्तीला जमायची. महिन्यातून एकदा मंचरहून एसटीनं पाळक यायचे, एरवी वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी चार शब्द बोलायचं. एक हार्मोनियम होती, तिचा एक सूर मुका होता, आणि तो सूर आला की सगळे जरा मोठ्यानं गायचे. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायचे. खिडकीतून टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न, बाजारातला गलका, आणि त्यावरून गाणं वाहत यायचं. मला वाटायचं, देव राहतो तो असाच, अर्धवट झोपेत, आईच्या लुगड्याच्या साबणाच्या वासात. आता पुण्यातल्या मोठ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पॉलिश केलेल्या बाकावर बसते तेव्हाही मी तो वास शोधत असते. सापडत नाही.

आईचा रविवार शनिवारी दुपारीच सुरू व्हायचा. पाणी भरून ठेवायचं, भाकरी थापून फडक्यात गुंडाळायच्या, चटणी वाटून ठेवायची. रविवारी स्टोव्ह पेटायचा तो चहापुरता. नियम वडिलांचा होता आणि पाळायची आई. नियम करणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत, हे मी फार लवकर शिकले.

मग आईनं मावशींना खरं का सांगितलं नाही? सुरुवातीला तिला कळलंच नाही की आक्का काय समजून बसल्यात. कळलं ते केळ्यांमुळे. भक्तीहून परतताना आई नारायणगावच्या बाजारातून डझनभर केळी आणायची आणि त्यातली दोन मावशींना द्यायची. एका रविवारी मावशींनी केळं घेतलं, डोळे मिटून कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "देवाचं हाये." आई दारातच थिजली. त्यांनी केळं सोललंही होतं. आता काय सांगणार?

घरात आल्यावर तिनं वडिलांना ते सांगितलं. वडील म्हणाले, "केळं तेच आहे."

"केळं तेच आहे हो," आई म्हणाली, "मी तीच नाही ना."

नंतर दर आठवड्याला ती ठरवायची की आता बोलू, आणि दर आठवड्याला काहीतरी आडवं यायचं. खरं तर आडवी यायची ती भीती. या गावात तिचं म्हणून जे काही होतं ते त्या एका बाईमुळे होतं. तो तुकडा, ती सावड, संध्याकाळी ओट्यावर बसून डोकं खाजवत मारलेल्या गप्पा. रानात जेवताना आई प्रार्थनासुद्धा चोरून करायची. पदर सारखा केल्यासारखं करून मान खाली घालायची आणि मनातल्या मनात दोन ओळी म्हणायची. बायका चिडवायच्या, "हिचा पदर जेवायच्या टायमालाच कसा गं घसरतो?" सगळ्या हसायच्या, आईही हसायची, आणि मला त्या हसण्यात तिचे कान लाल झालेले दिसायचे. घरी मात्र ती मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि त्यात मावशींच्या म्हशीपासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत सगळं असायचं. प्रत्येक प्रार्थनेत तिचा एक शब्द ठरलेला होता, कृपा. आमच्यावर कृपा कर, त्यांच्यावर कृपा कर. मला तो शब्द साखरेच्या बत्ताशासारखा वाटायचा, अर्थ नाही, नुसता गोड.

अशी तीन वर्षं गेली. मग चंपाषष्ठी आली.

चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरतात. ताटात खोबरं, भंडारा, पानसुपारी ठेवायची आणि पाच पुरुषांनी ताट मिळून उचलून येळकोट म्हणायचा. मावशींचा थोरला मुलगा भोसरीला कंपनीत होता, त्याला त्या वर्षी सुट्टी मिळाली नाही. पाचवा माणूस कमी पडला. मावशी वांग्याच्या भरिताची आणि रोडग्याची पितळी थाळी घेऊन आमच्या दारात आल्या. भरिताला पातीच्या कांद्याचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. मी आईच्या मागं उभी राहून तो वास पोटात ओढत होते.

"हे घे निवदाचं," त्या म्हणाल्या, "आन् भाऊंना धाड सांजच्याला. तळीला माणूस कमी हाये."

आईनं थाळी हातात घेतली. मग म्हणाली, "आक्का, ह्यांना तळीला येता यायचं नाही."

"का गं? सुतक पडलंय का?"

"नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत, आक्का. आमचा रविवार खंडोबाचा नाही. येशूचा आहे."

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तरी हसून ही थट्टा आहे म्हणून सांगेन. मग त्यांची नजर कोनाड्याकडे गेली.

"मंग ती पोथी?"

"आमचं शास्त्र आहे ते."

"आन् केळी?"

"बाजारातली," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच कसंतरी झालं.

"तीन वरसं मी ती कपाळाला लावली," मावशी म्हणाल्या. त्यांचा एरवी चार घरांना जाणारा आवाज त्या दिवशी आमच्या उंबऱ्यातच राहिला. त्या वळल्या आणि गेल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून येळकोट ऐकू आला. पाचवा माणूस कोण मिळाला ते आम्हाला कळलं नाही.

भरीत जेवायच्या वेळेपर्यंत तसंच होतं. खावं की न खावं, यावर आमच्या मंडळीत दोन मतं असती. आईनं थाळी मध्ये ठेवली, तिच्यावर हात धरून प्रार्थना केली आणि आम्हा तिघांना वाढलं. एवढंच म्हणाली, "माझ्या आक्कानं दिलंय." ते भरीत इतकं चांगलं झालं होतं की मला रडू आलं.

थाळी घासून फडताळात ठेवली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं. आई रोज तिच्याकडे बघायची आणि तिला रोज वाटायचं, आज काय घालू? पोहे घातले तर ते लाच दिल्यासारखे दिसतील. साखर घातली तर तीही. थाळी तिथंच राहिली.

आणि लागण सुरू झाली. आई ठरल्याप्रमाणे प्रत्येकीच्या रानात गेली, मावशींच्याही. मावशी ओळीच्या एका टोकाला बसायच्या, आई दुसऱ्या. एक शब्द नाही. बाकीच्या बायका मावशींच्या चेहऱ्याकडे बघून वागायच्या. त्यांनी हूं म्हटलं तर ह्यांचं हूं. आईला कोणी वाईट बोललं नाही, चिडवलंही नाही. पदर घसरला तरी कोणी हसलं नाही, आणि आईला तेच लागलं. धुकं असायचं. बांधावर बसून मला फक्त वाकलेल्या पाठी दिसायच्या, मधूनच एखादा लाल पदर, आणि कुठली पाठ माझ्या आईची ते ओळखता यायचं नाही. मग मी घाबरून हाक मारायचे, आणि सगळ्यात लांबची पाठ सरळ व्हायची.

आमची पाळी शेवटी होती. येतील का त्या? घरात दुसरा विषय नव्हता. वडील म्हणाले, "नाही आल्या तर मजूर लावू."

"मजूर मिळतील," आई म्हणाली. "बायका मिळायच्या नाहीत."

पाळी शनिवारची ठरली होती. शुक्रवारी आईनं रोपं उपटून जुड्या बांधल्या, ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवल्या, आणि त्याच दुपारी डीपी उडाली. सगळ्या रानांची लाईट गेली. पाणी नाही तर लागण नाही. शनिवारी दिवस मावळायला वायरमननं डीपी सुरू केली, तेव्हा मावशींच्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, ओट्यावरून कोणाला तरी ओरडून सांगितलेलं आम्ही ऐकलं, "उद्या दिवसाची लाईट हाये, परवापासनं हप्ताभर रातची!" म्हणजे दिवसाउजेडी लागणीला पाणी मिळायचं तर उद्याच, रविवारी. उपटलेलं रोप आठवडाभर टिकत नाही.

मला आठवतं, वडील हातातला पेला फिरवत बसले होते. मग ते, ज्यांनी स्टोव्हचा नियम केला होता ते, म्हणाले, "उद्या आपणच जाऊन लावूया का, होईल तेवढं? देव समजून घेईल."

"देव घेईल हो समजून," आई म्हणाली. "त्याच्याशी माझं भांडणच नाही. पण मी आक्कांना काय सांगितलं? रविवार येशूचा म्हणून. तीन वर्षं मी खरं बोलले नाही. आता बोलले, आणि कांद्यासाठी आठ-दहा दिवसांत तो वार मोडला, तर माझं कुठलं बोलणं त्या खरं धरतील?" आणि मग ती ओक्साबोक्शी रडली. तिला तो तुकडा फार प्रिय होता. पीक गेलं तर जमीनवाला पुढच्या वर्षी तो परत देणार नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही आंघोळी केल्या, धुतलेले कपडे घातले आणि जीपमध्ये बसलो. आईनं तिचं मोतिया रंगाचं भक्तीचं लुगडं नेसलं होतं. वाटेत आमचा तुकडा लागतो. ती दुसरीकडे तोंड करून बसली. भक्तीत हार्मोनियमचा मुका सूर आला तेव्हा सगळे मोठ्यानं गायले, ती गायली नाही. नर्सबाईंनी प्रार्थनेसाठी काही आहे का विचारलं, तर तिनं मान हलवून नाही म्हटलं. केळीही घेतली नाहीत.

परतताना ओढ्याच्या वळणावर जीपवाल्यानं वेग कमी केला. धुकं विरून गेलं होतं, ऊन नुकतं पिवळं झालं होतं, आणि तबकड्या सगळ्या एका बाजूला मान करून होत्या. मीच आधी पाहिलं. मला वाटलं, झोपेत दिसतंय. आमच्या वाफ्यात पाणी चमकत होतं. त्यात ओळीनं पाठी वाकलेल्या होत्या, लाल, हिरव्या, निळ्या. मावशींचे मालक फावडं घेऊन दारं धरत होते, एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी सोडत होते. "आई," मी म्हटलं, "आपले कांदे."

जीप पुरती थांबायच्या आत आई उतरली. धावत बांधावर गेली, चपला काढल्या, लुगड्याचा काचा मारायला वाकली, तोच आवाज आला. चार घरांना जाणारा.

"आत पाय घालू नगंस!"

ओळीच्या टोकाला मावशी होत्या. कोपरापर्यंत चिखल. "वार हाये तुझा," त्या म्हणाल्या. "बस तिथंच बांधावर."

"आक्का, तुमचाही वार आहे," आई म्हणाली. "तुम्ही कधी रविवारी..."

"माझा मोडला. मोडू दे. खंडोबाला सांगून आलीया मी, की पोरीचा वार ऱ्हायला पायजे, माझा एक गेला तर गेला. त्यो काय म्हणंल ते माझं मी बघीन." त्या पुन्हा वाकल्या. दोन-चार रोपं खोचली. मग मान वर न करता म्हणाल्या, "तीन वरसं सांगितलं न्हाईस, त्याचा राग हाये मला. त्यो ऱ्हानार. कांद्यानं काय पाप केलंय?"

आई उभीच राहिली. मला तिचा हात धरवला नाही, इतका तो घट्ट मिटलेला होता. माझी आई कामाला कधी भ्याली नाही. कोणाचं बाळंतपण, कोणाचं दळण, कोणाची म्हैस अडलेली, ती धावत जायची आणि देवाच्या नावानं करायची. करणं तिला सोपं होतं. त्या दिवशी तिला नुसतं बसायचं होतं, धुतलेल्या लुगड्यात, हात मांडीवर ठेवून, आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी वाकलेलं बघायचं होतं. तिनं पुन्हा एकदा पाय पुढं टाकला. मावशींनी नुसतं पाहिलं. आई बांधावर बसली.

कृपा या शब्दाचा अर्थ पुढं मी पुष्कळ प्रवचनांत ऐकला. न कमावता मिळालेलं, असं पाळक सांगतात. मला मात्र आई बांधावर बसलेली दिसते. तिला ते किती जड जात होतं ते दिसतं.

थोड्या वेळानं वडील मला घेऊन घरी आले. सावडीतल्या बायकांना जेवण घालायला हवं होतं, आणि घरात होत्या फक्त शनिवारच्या भाकरी. वडिलांनी स्टोव्हकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कुठं बोलायचं नाही." मग स्वतःच त्यांनी पंप मारून स्टोव्ह पेटवला. पान्ह्याची सवय असलेला माणूस पिठलं ढवळतो तेव्हा कसं होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. गुठळ्या, गुठळ्या. फडताळातली पितळी थाळी मीच काढून पुढं केली. त्यांनी तिच्यात काठोकाठ पिठलं ओतलं.

पुढं दोन हजारनंतर आम्ही पुण्याला राहायला आलो. तो तुकडा आईनं गाव सोडेपर्यंत केला, सावडही चालू राहिली, आणि आईचा रविवार कोणी कधी मोडू दिला नाही. मावशींचा राग त्यांनी म्हटल्याप्रमाणे राहिला. वर्षातून एकदा तो काढून त्या आईला सुनवायच्याच. आई केळी आणायची. मावशी शेवटपर्यंत केळं कपाळाला लावूनच खायच्या. आई म्हणायची, "आक्का, बाजारातलं आहे." त्या म्हणायच्या, "ठावं हाये." त्या गेल्या तेव्हा आई एकटीच एसटीनं खोडदला गेली, आणि परत आल्यावर बरेच दिवस घरातल्या प्रार्थनेत चुकून त्यांच्या गुडघ्याचं नाव घ्यायची.

पण त्या दुपारी त्या बांधावर होत्या. लागण उरकत आली होती. बायका ओढ्यात हातपाय धुऊन आल्या आणि गोल करून बसल्या. वडिलांनी भाकरी वाटल्या. आईनं पिठल्याची थाळी मावशींसमोर ठेवली. मावशींनी आपली थाळी ओळखली, तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. कोणीच घास घेईना. मला वाटलं, गुठळ्या बघून. पण सगळ्या आईकडे बघत होत्या.

"काय ते म्हन की आता," मावशी म्हणाल्या. "पदराआड म्हनत व्हतीस ते. मोठ्यानं म्हन. आमाला काय ठावं नव्हतं व्हय, तू जेवायच्या आधी काय तरी पुटपुटतीस ते?"

आईनं हात जोडले. डोळे मिटले. "हे प्रभू," ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा "हे प्रभू" म्हणाली. तिचे ओठ हलत होते, पण शब्द येईना. डोळ्यांतून पाणी मात्र येत राहिलं, हनुवटीवरून मोतिया लुगड्यावर पडत राहिलं. घरात दोन-दोन पानांच्या प्रार्थना म्हणणारी माझी आई. बायका हातात भाकरी धरून थांबल्या होत्या. वाफ्यात पाणी जिरत होतं. लांबवर एक तबकडी हळूहळू फिरायला लागली.

शेवटी मावशींनी डोळे मिटले. चिखलाच्या वासाचे आपले हात जोडले आणि वर तोंड करून म्हणाल्या, "देवा, हिला काय म्हनायचंय ते तुला कळलंय. आता जेवू दे आमाला, लई भूक लागलीया."

आणि त्यांनी आईच्या हातात भाकरी दिली.